चिंधी न पडलेलं मशीन

“उजे, आभाळ बघ गं!”

छबूताईंनी गच्चीवरून हाक मारली आणि मी हातातली किसणी तशीच घेऊन जिना चढले. वर जाऊन बघते तर सकाळी सातला लख्ख असलेलं आभाळ नऊ वाजता राखाडी होऊन बसलेलं. फेब्रुवारीच्या महिन्यात पावसाळी ढग. आदल्या दिवशी पसरलेला कीस प्लास्टिकच्या कागदाला चिकटला होता. मी चिमूटभर उचलला, तर त्याच्यासोबत कागदच वर आला.

“हा गेला,” छबूताई म्हणाल्या. “आता खालचा?”

खालच्या पिंपात अख्ख्या पोत्याचा बटाटा किसून पाण्यात पडला होता. आणि बटाट्याचा कीस काही पाहुण्यांसारखा बसवून ठेवता येत नाही. तुरटीच्या पाण्यात एक उकळी द्यायची, निथळायचा आणि लगेच उन्हात घालायचा. ऊन नाही मिळालं तर आधी चिकट होतो, मग तांबूस पडतो, आणि मग नाक धरावं लागतं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हा सात बायकांचा भैरवी बचत गट नुकता कुठे उभा राहिला होता आणि आमची ती पहिली ऑर्डर होती. भीमाशंकरच्या रस्त्याला लोहकरे मामा दर महाशिवरात्रीला फराळाचा स्टॉल लावायचे. त्यांनी पंचवीस किलो वाळलेला कीस मागितला होता, उपासाच्या चिवड्यासाठी. निम्म्याहून जास्त पिशव्या भरून तयार होत्या. उरलेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचा होता. ऑर्डर मी आणली होती आणि शब्दही मीच दिला होता. बाकीच्या जणींच्या घरचे आधीच म्हणत होते, “बायकांचं काय, चार दिवस हौस.” कीस बिघडला असता तर त्यातल्या चौघी पुन्हा गटाकडे फिरकल्या नसत्या. मला तर रात्री झोप लागत नव्हती.

“पंख्याखाली टाकू,” छबूताई म्हणाल्या. त्या गटाच्या अध्यक्ष. वयानं मोठ्या, उपासतापासाला कडक.

“पाणी निथळत असताना पंखा काय करणार? आधी पाणी तर निघायला हवं.”

“मंग पिळू हातानं.”

पिळून बघितला. कीस पिळला की त्याचा लगदा होतो, हे आम्हाला पाचच मिनिटांत कळलं. छबूताईंनी तो लगदा माझ्यासमोर धरला आणि पिंपाच्या काठावर ठेवून दिला.

तेव्हा माझी नजर मधल्या खोलीकडे गेली.

मधल्या खोलीत माझं वॉशिंग मशीन होतं. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेलं. दोन खणांचं, एका बाजूला कपडे धुवायचे, दुसऱ्या बाजूला ड्रायर. वडील एसटीत मेकॅनिक होते, त्यांचे हात कायम काळे. पण लेकीच्या हातांना थंडीत भेगा पडतात हे त्यांच्या डोक्यात होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्या मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. सासूबाईंनी निघूच दिलं नव्हतं. वरून एक क्रोशाचं झाकण, त्यावर फुलदाणी. गणपतीत फुलदाणी खाली यायची आणि गणपती वर बसायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. नाव हौसाबाई, पण हौस अशी कुठे दिसायची नाही. बोलणं कमी, काम जास्त. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे तीनदा मशीन वापरू का म्हणून विचारलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर, “काय घाई हाय? धोंडा हाय की दारात.” आणि आम्ही दोघी सासवा-सुना त्या धोंड्यावर घरभराचे कपडे आपटत बसायचो, आत कोरं मशीन ठेवून.

मला ते लागायचं. लग्नाआधी मी राजगुरुनगरला मिक्सर-कुकरच्या दुकानात कामाला होते. वस्तूची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला खोडच होती. आमचे दुकानदार म्हणायचे, “गिऱ्हाईक वस्तूचं एक काम बघून घेतं. घरी नेल्यावर तिच्याकडून चार कामं काढणारी बाई खरी.” मी तशी बाई होते. रिमोटनं टीव्ही लागेना झाला की बिघाड रिमोटात आहे का टीव्हीत, ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघायची. बटण दाबल्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा कॅमेऱ्यात चमकला तर रिमोट जिवंत. लाईट गेली की मोबाईलच्या टॉर्चवर पाण्याची बाटली उभी करून खोलीभर उजेड पाडायची. गावात माझं नाव ‘मशीनवाली’ पडलं होतं. आणि त्या मशीनवालीच्या स्वतःच्या मशीनवर फुलदाणी! माझ्या मनानं घेतलं होतं की माझ्या वडिलांनी दिलेली वस्तू या बाईंना नकोच आहे. एकदा रागात मी तसं बोलूनही गेले होते. आत्या तेव्हा बादली उचलून धोंड्याकडे गेल्या.

आता चौथ्यांदा विचारायचं होतं. आत्या परसात गवार मोडत बसल्या होत्या.

“आत्या,” मी म्हटलं, “मशीन पाहिजे होतं.”

“कशाला?”

“कीस वाळवायला. ड्रायर गरगर फिरतो, त्यात पाणी बाहेर फेकलं जातं. कपडे जसे ओलसरच राहतात ना, तसा कीस होईल. मग पंख्याखाली वाळेल.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या छबूताई केवढ्यानं तरी ओरडल्या. “आगं कपड्याचं मशीन ते! उपासाचं खानं त्याच्यात? देवाच्या दारात इकायचं हाय. परकर-धोतराच्या मशीनमधला कीस! शिव शिव!”

आत्यांनी गवारीची शेंग खाली ठेवली.

“छबे, त्याच्यात चिंधी पडली नाय आजवर. तीन वर्सं गणपती बसला त्याच्यावर. तुज्या चुलीपरीस सोवळं हाय ते.”

छबूताईंचं तोंड उघडंच राहिलं. माझंही. तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी मी मनातल्या मनात कुढत होते, तीच आज माझ्या बाजूनं साक्ष देत होती.

“मग काढू?” मी घाईनं विचारलं.

“थांब. आदी तुज्या बापाला फोन लाव.”

“वडिलांना? कशाला?”

“लाव म्हनलं ना.”

मला वाटलं, हा टोमणा. पण वेळ भांडायची नव्हती. आत्यांना जरा कमी ऐकू यायचं आणि माझा मोबाईल जुना, त्याचा स्पीकर कुजबुजल्यासारखा. मी तो स्टीलच्या रिकाम्या पेल्यात उभा केला. तसं केलं की आवाज चांगला घुमतो.

पेल्यातून वडिलांचा आवाज आला. “हॅलो? काय गं उजे, सगळं ठीक?”

आत्या पेल्यापाशी वाकल्या. “इवाई, मी बोलती. हौसाबाई.”

वडील दचकलेच असणार. तीन वर्षांत विहीणबाईंचा त्यांना पहिलाच फोन. “बोला की विहीणबाई. पोरगी काही चुकली का?”

“पोरगी गुनाची हाय. तुमी दिल्याली वस्तू आज उघडती म्हनलं. तिला तिच्या कामाला पायजे. तुमची हरकत नाय ना?”

“अहो, माझी कसली हरकत? दिली तेव्हाच ती तुमच्या घरची झाली.”

“आसं म्हनू नका,” आत्या एकदम तोडून बोलल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बरं. ठिवती,” आणि पेला माझ्याकडे सरकवला.

मला काही उमगलं नाही. पण एक वाजता लाईट जायची ती चार वाजेपर्यंत यायची नाही, आणि घड्याळात साडेनऊ झाले होते. त्यामुळे उमगून घ्यायचं काम मी पुढे ढकललं.

फुलदाणी उतरवली, क्रोशाचं झाकण उतरवलं. प्लास्टिक मात्र आत्यांनी स्वतः काढलं, फाडलं नाही, घडी करून ठेवलं. ड्रायरच्या खणात एक पिशवी होती, तीत माहितीपुस्तिका आणि पावती. पुस्तिका मी ओढून घेतली, पावती आत्यांनी कमरेला खोचली. दोन्ही खण आम्ही उकळत्या पाण्यानं तीन वेळा धुतले. छबूताईंनी वरून गोमूत्र शिंपडलं. मी फक्त ते बटणांवर उडणार नाही एवढं बघितलं.

पहिली खेप उकळून निथळली. छबूताईंच्या मलमलच्या नव्या पंच्यात ती बांधली, गाठ मारली, ड्रायरमध्ये टाकली आणि मी बटण फिरवलं.

पुढचं एक मिनिट मी जन्मात विसरणार नाही. मशीननं आधी घसा खाकरला, मग खडखडलं, आणि मग ते चालायला लागलं. खरोखर चालायला लागलं. खोलीच्या मधोमध आलं, तिथून दाराकडे वळलं. मागची नळी फरफटत होती. छबूताई “भैरोबा!” म्हणून कॉटवर चढल्या. मी बटणाकडे धावले तर ते माझ्यापासून लांब पळत होतं. शेवटी आत्याच पुढे झाल्या आणि खोंडाला आवरतात तसं त्यांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

“थांब! थांब म्हनती ना! उजे, बंद कर की त्येला!”

मी भिंतीतलं बटण बंद केलं. मशीन दारात उंबऱ्यापाशी थांबलं होतं. आत्या धापा टाकत त्याला मिठी मारून उभ्या होत्या, पदर खाली पडलेला, आणि मला हसू आवरेना. आधी वाटलं आता शिवी बसणार. पण आत्याही हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. कॉटवरून छबूताई म्हणाल्या, “हसता काय? म्या खाली उतरू का नको?”

हसू ओसरल्यावर मी पुस्तिका उघडली. तिथे लिहिलंच होतं, वजन सगळीकडे सारखं पसरा. मघाशीच वाचलं होतं मी ते, पण घाईत विसरले होते. एकच जड गठुळं एका बाजूला, मग ते नाचणारच.

“ड्रायरमध्ये भार एका बाजूला आला,” मी म्हटलं.

“मंग कावड कर की,” आत्या म्हणाल्या. “कावडीचं पानी कसं आनत्यात? दोनी बाजूंना सारखं. एक गठुडं नगं, दोन कर. समोरासमोर ठिव.”

इतकी सोपी गोष्ट मशीनवालीला सुचली नव्हती. पंच्याचे दोन तुकडे केले. तराजूनं सारखी दोन गाठोडी बांधली, समोरासमोर बसवली, वरून ड्रायरचं आतलं झाकण दाबलं. मशीनचा एक पाय जरा अधांतरी होता, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग जीव मुठीत धरून बटण फिरवलं, तेही एकच मिनिट. कपड्यांसारखं पाच मिनिटं फिरवलं तर कीस दाबून त्याची वडी होईल, अशी मला भीती होती.

मशीन जागच्या जागी भुणभुणलं. मागच्या नळीतून पांढरं पाणी धो धो बाहेर आलं. गाठोडं सोडलं तर आत कीस सुटा, मोकळा, शेवयांसारखा.

छबूताईंनी तो हातात घेतला, वास घेतला, चोळून बघितला. “आगं बया,” त्या म्हणाल्या आणि कॉटवरून पूर्ण उतरल्या.

मग आम्ही थांबलो नाही. छबूताई चुलीवर उकळायच्या, मी गाठोडी बांधून मशीन फिरवायची, आत्या घरातल्या धुतलेल्या धोतरांवर कीस पसरायच्या. दोन खेपा झाल्यावर आत्यांनी नळीखाली पातेलं लावलं.

“ते कशाला?” मी विचारलं.

“पांढरं पानी वाया कशाला घालवती? खाली सत्व बसंल. वाळवून खिरीला व्हईल.”

वस्तूकडून चार कामं काढणारी बाई म्हणे मी! पाचवं काम आमच्या आत्यांनी काढलं.

शेवटची खेप निघाली तेव्हा एकला दहा मिनिटं होती. लाईट गेली, पंखे थांबले, आणि तिघी तीन सुपं घेऊन वारा घालत बसलो. चारला लाईट आली. रात्रभर घरातले सगळे पंखे किसावर. आम्ही माणसं पांघरुणं घेऊन अंगणात झोपलो. माझा नवरा टेम्पो घेऊन नारायणगावहून आला तर त्याला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. “माझ्या धोतरावर काय वाळत घातलंय?” एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास ऊन पडलं. उरलीसुरली ओल तेवढ्यात उडाली. कीस मुठीत धरला की कुरकुर वाजायला लागला.

संध्याकाळी लोहकरे मामा जीप घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी आभाळाकडे बोट केलं. “मी तर समजून चाललो होतो की यंदा कीस गेला. घोडेगावात दोघांचा काळा पडला. तुमचा बघू.”

मी कढई ठेवली. तेल तापलं, चिमूटभर कीस सोडला. तो फुलून वर आला, पांढराशुभ्र. मामांनी एक काडी उचलून चावली, मग दुसरी, मग वाटीच पुढे केली.

“वाळवला कुठं पण? ऊन तर नव्हतं.”

छबूताईंनी माझ्याकडे बघितलं, मी आत्यांकडे.

“आमच्या घरात ऊन हाय,” आत्या शांतपणे म्हणाल्या.

मामा पोटभर हसले. जाताना म्हणाले, “आषाढीला दुप्पट लागंल. हुईल का?” छबूताई माझ्याआधी “हुईल” म्हणाल्या. मग जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थांबून त्यांनी मला मिठी मारली आणि घरी सांगायला धावत सुटल्या.

मी मधल्या खोलीत गेले. मशीन पुसलं, ड्रायरचं झाकण वाळायला उघडं ठेवलं. आत्या घडी केलेलं ते प्लास्टिक घेऊन आल्या. मला वाटलं, परत घालणार.

“घालू नका ना, आत्या,” मी म्हटलं. मग राहवलं नाही. “एक विचारू? तीन वर्षं का नाही वापरू दिलंत? माझ्या वडिलांचं म्हणून?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “तुज्या बापाचं म्हनूनच.”

मी पुसायचं फडकं उचलून निघाले. पण त्या खाली बसल्या, मशीनला पाठ टेकून, आणि मलाही बसायची खूण केली.

“माज्या बापानं मला शिलाई मशीन दिलती. मी सतरा वर्सांची. सासू म्हनली, वापर की, घरात काय शोभंला ठिवायची? म्या वापरली. समद्यांची पोलकी शिवली, दिराची कापडं शिवली. चार वर्सं. मंग नणंदंचं लगीन निघालं. एक दिस मळ्यातनं आले तर मशीन रुखवतात मांडल्याली. म्या म्हनलं, माजी हाय. सासू म्हनली, तुजी कुटली, घरचीच की ती, समद्यांनी वापरल्याली.” आत्यांनी प्लास्टिकची घडी मांडीवर नीट केली. “कागूद बी नव्हता गं माज्यापाशी. बाप येऊन भांडला असता, पर त्यो गेला होता.”

मी त्यांच्याजवळ सरकले.

“वापरली की घरची व्हती, उजे. झाकून ठिवली की म्हायेरची ऱ्हाती. ह्या घरात अजून एक लगीन व्हायचंय. तुजी नणंद हाय बारावीला. कोन कवा काय बोलंल, काय सांगावं? म्हनून हात लावू दिला नाय कुनाला. तुला बी नाय.”

“मग काल कसं दिलंत?”

“तीनदा मागितलंस तवा काय म्हनलीस? आमची कापडं धुवायला. काल पैल्यांदा तुज्या कामाला मागितलंस.” त्यांनी कमरेची पावती काढून माझ्या हातात दिली. “ही तुज्या पेटीत ठिव. तुज्या नावाची हाय. लग्नाआदीच्या.”

पावतीवर वडिलांनी माझं माहेरचं पूर्ण नाव घातलं होतं. ती वाचताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी आत्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्या बाईशी मी तीन वर्षं मनातल्या मनात भांडत होते. त्या मात्र माझ्याच बाजूनं दारात पहारा देत बसल्या होत्या. “रडतीस काय,” त्या म्हणाल्या, “मशीनवर पानी सांडंल.”

त्या मशीननं आजवर एक रुमालसुद्धा धुतलेला नाही. त्यात कीस सुकला, मेथी-कोथिंबीर सुकली, भिजवलेले शेंगदाणे सुकले. दोनदा मोटर बदलली. कपड्यांसाठी दुसरं मशीन आलं, ते नवऱ्यानं आणलं, आणि ते घरचं आहे. आता मी गावोगावच्या गटांना घरातल्या यंत्रांचे असे उपयोग शिकवते. बायका वहीत उतरवून घेतात: भार सारखा ठेवा, पायाखाली पुठ्ठा घाला, एक मिनिटाच्या वर फिरवू नका. सगळ्यात शेवटी मी सांगते, पावती तुमच्या नावाची घ्या, आणि ती कुठे ठेवली ते फक्त तुम्हाला माहीत असू द्या.

आषाढीच्या ऑर्डरनंतर मी आत्यांसाठी शिलाई मशीन घेतली. दुकानदारानं पावतीसाठी नाव विचारलं तेव्हा मी आत्यांचं माहेरचं पूर्ण नाव घातलं. घरी येऊन पावती मोठ्यानं वाचून दाखवली. कुमारी हौसा बाबूराव गावडे.

“कुमारी?” आत्या म्हणाल्या. “दात पडायला आलं, आन कुमारी लिवलंस?” आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसत राहिल्या. पावती माझ्याकडून घेऊन त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग ती आपल्या पेटीत तळाशी ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला.

मला वाटलं होतं, मशीन आता दोन-तीन वर्षं झाकून ठेवतील. पण त्यांनी त्याच दुपारी तिचं प्लास्टिक टरकावून फेकून दिलं. तीस-पस्तीस वर्षांत पायांना सवय राहिली नव्हती, दोरा चारदा तुटला. संध्याकाळपर्यंत त्यांनी पहिलं काम शिवून माझ्या हातात दिलं. मलमलच्या दोन पिशव्या होत्या, कीस भरायच्या, दोन्ही अगदी सारख्या मापाच्या.